सकाळी एक शंकूफूल, संध्याकाळी दोन

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सकाळी एक असलेल्या झाडाचं संध्याकाळी दोन झालेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. तेही अशा झाडाचं, की ज्याचं बी फ्रिजमध्ये झोपलं, आइस्क्रीमवाल्याच्या तावडीत सापडलं आणि तिथूनही जिवंत परतलं. हसा, हसून घ्या. तुमच्या आत्याआजीचा खुर्चीत डोळा लागलाय तोवर सांगून टाकतो. ती जागी असली की दुसऱ्याच्या गोष्टीत फार नाक खुपसते.

तर एका गल्लीत एक चष्मेवाला होता. पुढे दुकान, मागे घर, घरामागे अंगण. दुकानात त्याची मुलगी चाकावर भिंगं घासायची. कड अशी उतरवायची की भिंग फ्रेममध्ये टक्‌ करून बसावं. काम सोडलं तर तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणत. आई तिच्या लहानपणीच गेलेली. वाढवलं ते आत्यानं, म्हणजे चष्मेवाल्याच्या धाकट्या बहिणीनं. आत्याच्या जिभेला सुरीची धार होती, आणि अंगणात भिंतीलगत तिचा शंकूफुलांचा ताटवा होता.

शंकूफूल म्हणजे नर्सरीवाले ज्याला कोनफ्लॉवर म्हणतात ते. मधोमध तांबूस काटेरी शंकू, आणि भोवती जांभळट गुलाबी पाकळ्या, पण अशा खाली कललेल्या, की फूल कुणावर तरी रुसलंय असं वाटावं. आत्याचं आणि त्या फुलांचं जमायचं ते काही उगाच नाही.

एकदा आत्या मैत्रिणीकडे राहायला गेली आणि इकडे मोरीचा पाइप तुंबला. चष्मेवाल्यानं माणसं बोलावली, अंगण उकरलं, नवा पाइप टाकला, वर माती लोटली. ताटवा त्यात गेला. आत्या परत आली, उघड्या मातीकडे बघत उभी राहिली. त्या क्षणी 'चुकलं' एवढा एक शब्द तोंडातून निघाला असता, तर ही गोष्ट झालीच नसती. पण चष्मेवाला म्हणाला, "चार काटेरी गोंडे तर होते. त्यात एवढं काय."

झालं. आत्यानं भावाशी बोलणं टाकलं.

मग घरात असं चालायचं. दोघं समोरासमोर जेवायला बसलेली, मध्ये भिंगरी.

"तुझ्या बापाला सांग, मीठ हवं तर डावीकडे आहे."

"तुझ्या आत्याला सांग, मला दिसतंय. माझं चष्म्याचं दुकान आहे."

"तुझ्या बापाला सांग, दुकान असून दिसत नाही हेच तर दुःख आहे."

भिंगरी म्हणजे घरातलं टपाल. एक दिवस टपाल बंद पडलं असतं तर ही दोघं मीठ न मागता मेली असती. आणि टपाल बंद पडायची वेळ येऊन ठेपली होती. भिंगरीला डोळे तपासण्याचं शिक्षण घ्यायचं होतं. दूरच्या मोठ्या शहरातल्या संस्थेत तिला जागा मिळाली होती, वर्षभराचा अभ्यास, पावसाळा सरता सरता हजर व्हायचं. चाकावर बसून दुसऱ्यानं सांगितलेल्या नंबराची भिंगं घासण्यापेक्षा नंबर स्वतः काढावा, हे तिचं कितीतरी वर्षांचं स्वप्न. पण या दोन मुक्या माणसांना एका छपराखाली सोडून जायचं कसं?

तिनं आत्याला गाठलं. "किती दिवस हे? बोल ना त्यांच्याशी."

"बोलेन की," आत्या म्हणाली. "माझी फुलं पुन्हा उभी राहतील त्या दिवशी बोलेन." आणि शिवणयंत्राच्या खणातून तिनं एक वाळका शंकू काढून भाचीच्या तळहातावर ठेवला. "हे घे. लाव."

आता या बियांची एक खोड असते. ओल्या थंडीत काही आठवडे काढल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत. हिवाळा येऊन गेला अशी त्यांची खात्री पटावी लागते. भिंगरीनं बी ओल्या फडक्यात गुंडाळलं, स्टीलच्या डबीत घातलं आणि डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सरकवली. आणि जो फ्रिज आजवर कधी शिंकला नव्हता, त्यानं नेमका त्याच आठवड्यात एक लांब सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. घरातलं तिसरं माणूस मुकं झालं म्हणा ना.

भिंगरी डबी छातीशी धरून धावली ती थेट फ्रिज दुरुस्तीच्या दुकानात. आत फ्रिज ओळीनं उभे. तिनं इकडे पाहिलं नाही की तिकडे, पहिल्याचं दार उघडून डबी आत ठेवली.

"तो बंद आहे," कुठून तरी आवाज आला. शांत, जराही घाई नसलेला.

तिनं डबी काढून दुसऱ्यात ठेवली.

"त्यात नुसता दिवा लागतो."

तिनं तिसऱ्याचं दार उघडलं — आणि आतून एक चेहरा तिच्याकडे बघत होता. त्या फ्रिजला मागची बाजूच नव्हती. पलीकडे जमिनीवर बसलेला माणूस हातात पक्कड धरून आरपार तिच्याकडे पाहत होता, गालावर ग्रीसचा पट्टा.

"यात मी आहे," तो म्हणाला.

"मग चालू कुठला आहे?"

"डबीत काय आहे ते सांगा आधी. मासळी असेल तर एकही चालू नाही."

"बी आहे."

"बी मातीत ठेवतात."

"तुम्ही फ्रिज शिकवा, बी मला शिकवू नका. त्याला थंडी लागते. हिवाळा सरलाय असं वाटलं की मग ते उठतं."

तो विचारात पडला. "म्हणजे बियांना फसवायचं."

"समजूत काढायची," ती म्हणाली. "फसवणं वेगळं."

"कोपऱ्यातला हिरवा चालू आहे. गिऱ्हाईक इतक्यात येणार नाही." मग, ती डबी ठेवून वळली तेव्हा — "समजूत निघाली का, ते बघायला रोज यावं लागेल ना?"

"फडकं ओलं ठेवायला यावं लागेल," भिंगरी म्हणाली. त्यानं उगीच भलता अर्थ काढू नये, म्हणून जरा कडक आवाजात.

दुसऱ्या दिवशी तो घरचा फ्रिज बघायला आला. इतक्या सावकाश हत्यारं मांडली, की आत्यानं त्याचं तिथल्या तिथे बारसं उरकलं — थंडोबा. "कॉम्प्रेसर गेलाय," तो म्हणाला. "मागवावा लागेल."

"तुझ्या बापाला सांग, खर्च आला," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली.

भिंगरी तेव्हा दुकानात गिऱ्हाईकाच्या कानाला चष्मा बसवत होती. थंडोबानं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. आत्या त्याच्याकडेच बघत होती. तो उठून चष्मेवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, आत्या म्हणतायत खर्च आला."

"तिला सांग, फ्रिज मी नाही मोडला."

तो परत आला. "ते म्हणतात, मी नाही मोडला."

"म्हणावं, मोडायला काय, गोंडे थोडेच आहेत."

तो पुन्हा निघाला. भिंगरी दारातून बघत होती. वर्षात पहिल्यांदा तिच्या पाठीवरचं टपाल दुसऱ्या कुणी उचललं होतं, आणि तो माणूस चिडला नव्हता, हसला नव्हता, पक्कड खिशात खोचून इमानानं फेऱ्या मारत होता. तिच्या हातातल्या चष्म्याची काडी गिऱ्हाईकाच्या कानात गेली. तिथेच काय व्हायचं ते होऊन गेलं. गिऱ्हाईक मात्र पुन्हा त्या दुकानाची पायरी चढलं नाही.

मग रोज संध्याकाळी दुकान मिटलं की भिंगरी डबी बघायला जाई. डबी बघायला किती वेळ लागतो? पण तिला लागायचा. तो एखादा फ्रिज उघडून बसलेला असे, ती उलट्या खोक्यावर बसे. तो तिला कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायला शिकवी — कान लाव, हा दमलाय, हा नुसता कुरकुरतोय. ती तिच्या खिशातलं भिंग त्याच्या डोळ्याला लावून एखादं बी दाखवी.

"चार कोनांचं आहे," तो म्हणे. "आणि डोक्यावर टोपी."

"नीट बघा. टोपी नाही, मुकुट."

"मी तिकडे नव्हतो बघत," तो एकदा म्हणाला.

भिंगातून त्याचा डोळा फार मोठा दिसत होता. तिनं भिंग पुसलं. मग पुन्हा पुसलं, काही लागलेलं नसताना.

एका संध्याकाळी ती गेली तर कोपरा रिकामा. हिरवा फ्रिज नाही. जमिनीवर चार पायांच्या खुणा आणि मध्ये धूळ.

थंडोबा त्याच क्षणी बाहेरून येत होता. त्यानं कोपरा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "भाऊ होता दुकानात. मी पार्ट आणायला गेलो होतो... गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आलं असणार."

"डबी आत होती."

"माहीत आहे."

"दुसरं बी नाहीये. तेवढंच होतं. जगात तेवढंच होतं —"

"बसा मागे," तो म्हणाला. आणि ज्या माणसाला कुणी कधी घाईत पाहिलं नव्हतं, त्यानं स्कूटर अशी काढली की कोपऱ्यावरचं कुत्रं बसल्या जागी दोन हात सरकलं.

अवेळी भुरभुर पाऊस लागला होता. रस्ता चकाकत होता. भिंगरीनं आधी सीटची मागची कड धरली. मग वळण आलं, तिनं त्याच्या शर्टाचं टोक धरलं. मग आणखी एक वळण आलं... आता त्या रस्त्याला नक्की किती वळणं होती ते मी सांगत बसत नाही. पावसाचे थेंब तिच्या चष्म्यावर बसत होते, आणि मनात एकच चाललं होतं — बी गेलं तर मी गेले. चाकावर जन्म जाईल. मीठ डावीकडे, मीठ उजवीकडे.

हिरवा फ्रिज आइस्क्रीमवाल्याकडे सापडला, गिऱ्हाईक तोच होता. गडी मोठा होता आणि काम उरकणारा. फ्रिज पुसून झाला होता, आत कुल्फीचे साचे लागले होते.

"डबी?" भिंगरीला श्वास पुरत नव्हता. "स्टीलची?"

"ती होय. आत ओलं फडकं नि कसलातरी कचरा होता. मला वाटलं कुणी जादूटोणा केलाय. कचरा टाकला, डबी घासून ठेवली. छान डबी आहे."

"टाकला कुठे?"

त्यानं मागच्या दाराबाहेरच्या पिंपाकडे बोट दाखवलं.

चष्मेवाल्याची लेक आणि फ्रिजवाला पिंपात डोकं घालून उभे राहिले. वितळलेलं आइस्क्रीम, कागदी कप, फळांच्या साली. फडकं वरच होतं, पण उघडलेलं, बिया विखुरलेल्या. त्यानं खिशातून बारीक चिमटा काढला, वायरी धरायचा. तिनं भिंग काढलं. ती दाखवायची, तो उचलायचा. "ते नाही, ती स्ट्रॉबेरी... हे. त्याच्या शेजारी. थांबा — तुमचा चिमटा भलतीकडेच जातोय."

"हात गारठलाय."

"फ्रिजवाल्याचा हात गारठतो?"

"कधीकधी," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पुढचं बी उचललं. ओल्या केसांतून पाणी त्याच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबकळत होतं, आणि ते पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते. तिनं पुसलं. आइस्क्रीमवाला म्हणाला, "जादूटोणाच आहे."

बरंचसं बी मिळालं, काही पिंपातच राहिलं. जे वाचलं त्यानं उरलेली थंडी थंडोबाच्या स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये काढली.

पेरणी दोघांनी मिळून केली. पसरट कुंडीत बी ठेवायचं, वर अगदी चिमूटभर माती, कारण याला उजेडही हवा असतो. मग वाट बघायची. वाट बघणं भिंगरीच्या स्वभावात नव्हतं. रोज पहाटे ती कुंडीवर भिंग धरून बसे. एका सकाळी मातीला बारीक तडा गेला आणि एक हिरवा, वाकड्या मानेचा जीव बाहेर आला. तिच्या ओरडण्यानं चष्मेवाल्याच्या हातून दाढीचा ब्रश पडला.

रोपं मोठी झाली, ताटव्याच्या जागी लागली. गोगलगाई आल्या, थंडोबा कामावर जाताना चिमट्यानं त्या वेचून नेई. पानं आली, लांबट, खरखरीत, लव असलेली. मग आणखी पानं आली. उन्हाळा चढला आणि उतरला. पानांवर पानं. देठ मात्र वर निघेना, कळी दिसेना.

आत्या रोज मागच्या दारात उभी राही, बघे आणि काही न बोलता आत जाई.

संस्थेला होकार कळवायची मुदत जवळ येत चालली. भिंगरी अंगणात बसून रोपांशी बोलायला लागली. आधी लाडानं, मग दरडावून. आणि थंडोबाचं वागणं बिनसलं. यायचा, गोगलगाई वेचायचा, तिनं काही विचारलं की नजर चुकवायचा.

"कळी येईल ना हो?" ती विचारी.

"मी फ्रिज बघतो," तो म्हणे. "बी मला शिकवू नका, असं तुम्हीच म्हणाला होता."

मग तो यायचाच थांबला. भिंगरीला पहिले दोन दिवस राग आला. नंतर रागाच्या खाली जे असतं ते आलं.

आणि मुदत संपायच्या आदल्या सकाळी, मागचं दार उघडताच — ताटव्यात एक फूल उभं होतं. कमरेएवढं ताठ, काटेरी शंकू, गुलाबी पाकळ्या रुसल्यासारख्या कललेल्या.

भिंगरीचा जीव हरखला, आणि लगेच खाली बसला. तिनं त्या रोपांचं एकेक पान भिंगाखाली धरलेलं होतं. तिचं कुठलंच रोप गुडघ्यापर्यंतही आलं नव्हतं. शिवाय या झाडाच्या बुडाशी माती काळी होती, गोल, अगदी कुंडीच्या आकाराची. हे फूल आत्ताच कुणीतरी आणून लावलंय. कुणी, हे कळायला भिंग लागत नव्हतं. बुडाशी गोगलगाईंसाठी अंड्याची टरफलं टाकलेली होती, आणि ती इतकी नीट रचलेली, की असा सावकाश माणूस गावात एकच.

पण ती बोलली नाही. तिनं आत्याला हाक मारली. खोटं तर खोटं. ती दोघं बोलू देत.

आत्या आली. बघत राहिली. वाकून तिनं शंकूच्या काट्यांवरून बोट फिरवलं. चष्मेवाला मागे दारात येऊन उभा राहिला.

आत्या सरळ झाली. "तुझ्या बापाला सांग," ती म्हणाली, "फूल छान आहे." आणि आत निघून गेली.

भिंगरी फ्रिजच्या दुकानात गेली ती चालत. आता धावून काय करायचं होतं? दुकानात कुणी दिसेना. तिनं सरळ त्या तिसऱ्या, मागची बाजू नसलेल्या फ्रिजचं दार उघडलं. तो आत होताच.

"ते रोप माझं नाही," ती म्हणाली.

त्यानं पक्कड खाली ठेवली. "नाही."

"का केलंत?"

फ्रिजच्या पोकळीतून त्याचा आवाज घुमून आला. "नर्सरीवाल्यानं सांगितलं मला. बियांपासून लावलं की शंकूफूल पहिल्या वर्षी फुलत नाही. नुसती पानं. ते आधी मुळं खाली घालतं. फूल पुढच्या वर्षी."

"कधी सांगितलं?"

"झाले की दिवस."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सांगितलं असतं तरी तुम्ही थांबला असता, वर्षभर फुलाची वाट बघत. न सांगता बसलो असतो तरी थांबला असता. दोन्हीकडून माझाच फायदा होता." त्यानं ग्रीसचे हात गुडघ्यांना पुसले. "इतका फायदा मला सोसेना."

ती म्हणाली, "म्हणजे मी जावं म्हणून तुम्ही फूल आणलंत."

"हो. आणि मेलं बिनकामाचं निघालं."

ती हसली आणि हसता हसता तिच्या चष्म्यावर धुकं आलं. तिनं तो काढला, पदराच्या टोकानं पुसला. "मी जाणार आहे," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजानं ती चकित झाली. "बोलोत न बोलोत. मीठ हात लांब करून घेतील. पण माझी खरी रोपं आहेत ना, त्यांना पाणी घालशील?"

'घालशील' हे त्यानं ऐकलं. ऐकून घेतलं, जपून ठेवलं. "रोज?"

"रोज नको. जास्त पाण्यानं मुळं कुजतात."

"मग कधी घालू?"

"माझी आठवण आली की घाल."

"मग कुजतील," थंडोबा म्हणाला.

फ्रिजच्या आरपार तिनं हात पुढे केला. त्यानं आपला हात पाहिला, ग्रीस पाहिलं, मागे घ्यायला लागला. तिनं घेऊ दिला नाही.

"पुढच्या वर्षी फुलं येतील तेव्हा मी येईन," ती म्हणाली. "तोवर समजूत काढ."

"कुणाची? बियांची?"

"तुझी स्वतःची."

संध्याकाळी ती त्याला घेऊनच घरी आली. काय ते आजच सांगून टाकायचं असं ठरवून. मागच्या दाराशी पोचली आणि जागीच थांबली.

ताटव्यात दोन फुलं होती.

सकाळचं गुलाबी होतं तिथेच होतं. आणि त्याच्या शेजारी दुसरं, तसंच ताठ, तसंच झुकलेल्या पाकळ्यांचं. पण पांढरं. अगदी पांढरं, मध्ये हिरवट शंकू.

भिंगरीनं थंडोबाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. "मी एकच आणलं होतं. आईशप्पथ."

आणि ताटव्यापाशी आत्या उभी होती. हाताची घडी, चेहरा पाहिलात तर भांडायला निघालेली. चष्मेवाला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा, उगाच आभाळाकडे बघत. किती वेळ दोघं तशी उभी होती कोण जाणे.

"दादा," आत्या म्हणाली.

भिंगरी सवयीनं पुढे झाली, निरोप घ्यायला. मग तिला कळलं की निरोप तिच्याकडे नाहीच.

"दादा, चहा टाकते. घेशील ना?"

आयुष्यभर ज्याचं तोंड कुणी धरू शकलं नव्हतं, त्या चष्मेवाल्याला बोलता येईना. "घेईन," एवढंच तो म्हणाला. मग घसा खाकरून, "चुकलं." पण तोवर आत्या आत पोचली होती, कपबशा वाजत होत्या, आणि तिनं ते ऐकलं की नाही, देव जाणे.

पुढचं काय सांगायचं. भिंगरी गेली, शिकली. थंडोबानं रोपांना पाणी घातलं, आणि मुळं कुजू नयेत म्हणून उरलेल्या आठवणींचं पाणी शेजाऱ्यांच्या भोपळ्याला घातलं. तो भोपळा इतका वाढला की उचलायला टेम्पो लागला. पुढच्या वर्षी खरी फुलं आली, भिंतभर. भिंगरी परतली तेव्हा गाडी थांबायच्या आधीच उडी मारून उतरली, आणि थंडोबा तिला न्यायला वेळेवर आला होता, जे त्याच्या आयुष्यात एकदाच घडलं.

"पण आजोबा, दुसरं फूल कुठून आलं?"

सांगितलं ना, एकाचं दोन झालं. त्या जमिनीचा गुण. खालून मोरीचा पाइप जातो, पाणी सतत पाझरतं, माती अशी तापते की झाड दुपारच्या दुपारी फुटतं आणि रंगसुद्धा उतरून पांढरं होतं. शास्त्र आहे हे. या कानाची त्या कानाला खबर न लागता, कुणाचाही हात न लागता —

"खोटं."

आत्याआजीनं डोळे उघडले नव्हते.

"दुपारभर गुडघ्यांवर बसून लावलंस. पँटची माती मीच धुतली," ती म्हणाली. "आणि मी या घरी राहायला आले, तेव्हा तू मला आणून दिलेलं पहिलं रोप पांढरं होतं, दादा. ते या घरात तुला नि मलाच ठाऊक होतं."